जी बसेल ती रंभाबाई

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. सफाळ्याचा बाजार. गोणपाटावर सुक्या बोंबलांचा ढीग, वर प्लास्टिकचं छप्पर, त्यावर श्रावणाची भुरभुर... आणि ढिगामागे कपाळाला आठ्या घातलेली एक तरुण मुलगी. दिसली? ती भाग्यश्री. आता मोटारसायकल थांबवून चष्मा पुसणारा एक जण बघा. तो केतन.

"रंभाबाई?" त्यानं विचारलं. चहावाल्यानं त्याला तेच नाव सांगितलं होतं.

"बोला."

"दातिवऱ्याच्या मच्छीमार सोसायटीत जायचंय. बोईसरहून आलोय... इंटरनेट कंपनीकडून."

भाग्यश्रीनं मान वर केली. डोळे छान होते मेल्याचे, त्यामुळे तिला आणखीच राग आला. तिनं रस्ता सांगितला. बरोबर सांगितला, पण लांबचा! मग आई आल्यावर जागा तिच्या हवाली करून ती स्वतः जवळच्या वाटेनं रिक्षानं निघाली.

केतन सोसायटीत पोचला, तर समोर तीच.

"रंभाबाई, तुम्ही?"

"रंभाबाई माझी आई. मी भाग्यश्री, इथलं संगणकाचं काम बघते. आणि तुम्ही उशिरा आलात. वर्षभर उशिरा!"

तिचा संताप उगाच नव्हता बरं का. सोसायटीच्या होड्या कुठं आहेत, ते या खोलीतल्या संगणकाला कळतं आणि गावातल्या बायका ते मोबाइलवर बघतात. पण बाहेरच्या जगाला या संगणकापर्यंत यायचं, तर एक सार्वजनिक पत्ता लागतो. त्याला आयपी म्हणतात. तो पत्ता धरून दारात राउटर नावाचं यंत्र उभं असतं. कंपनीनं राउटर दोन विकले, एक बंद पडला तर दुसरा आहेच म्हणून. पत्ता मात्र दिला एकच. असे पत्ते जगात मोजकेच उरलेत. गेल्या मोसमात वाऱ्यावादळात पहिला राउटर बंद पडला, आणि दुसरा खोक्यात झोपलेला! भाग्यश्रीचा भाऊ देवू तेव्हा समुद्रात होता. तो सुखरूप परतला, पण तोवर त्याची लहानगी लेक चिमी घासही न घेता बंदरावर बसून होती.

"विचारा हिलाच!" भाग्यश्रीनं टेबलाखाली खेळणाऱ्या चिमीकडे बोट केलं.

केतन ओशाळला. "दोन्ही चालवायचे तर तीन पत्ते लागतात. प्रत्येकाचा एक, शिवाय दोघांचा मिळून एक. आम्हाला शिकवलंय तसंच..."

"मग विकताना विसरलात होय? काल समुद्राला नारळ दिला. उद्या होड्या सुटणार. उद्या पुन्हा बंद पडलं, तर या पोरीला कोण सांगणार, तीन पत्ते लागतात म्हणून?"

 चिमी केतनकडे टक लावून बघत होती. त्यानं विषय बदलत विचारलं, "सकाळी मी रंभाबाई म्हटलं. तुम्ही 'बोला' कसं म्हणालात?"

"अहो, ते जागेचं नाव. जी बसेल ती रंभाबाई. आमची घरातली नावं गिऱ्हाइकाला कशाला—"

ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घरातली नावं घरातच..." भाग्यश्री हळूच म्हणाली.

"म्हणजे खासगी पत्ते! राउटरांना आपसात बोलायला तेवढे पुरे. आणि जगाचा पत्ता—"

"जो बसेल त्याचा!"

"पन दोगी येकदम बसल्या तर?" चिमीनं विचारलं.

"भांडण होईल," केतन तिच्यापुढे उकिडवा बसला. "म्हणून पहिली सारखी म्हणत राहते, मी हाय, मी हाय. तिचा आवाज थांबला, की दुसरी बसते."

दुसरा राउटर खोक्यातून बाहेर आला. दोघांनी जोडणी केली, तारा देताघेता बोटं लागली, आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवत राहिले. मग केतननं पहिल्याचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून उपसला. मोबाइलवरचं होड्यांचं पान क्षणभर अडखळलं...

"हाय! बाबाची होडी हाय!" चिमी ओरडली.

निघताना केतन म्हणाला, "एक जरी बंद पडला, तरी माझ्या मोबाइलवर घंटा वाजेल. लगेच येईन मी."

"आणि बंद नाही पडला तर?" तिनं जरा घाईनंच विचारलं.

त्यानं कोरडा चष्मा पुसला. "तर... मग काय, कामच नसेल ना—"

"म्हणे काम नसेल! जा तुम्ही. सगळे सारखेच!"

मोसम रंगात आला. होड्या जात, येत. पान एकदाही बंद पडलं नाही. भाग्यश्री मात्र धुमसत होती. "काम झालं, पाठ फिरवली! साधा फोन नाही. मी काय राउटर आहे, बंद पडल्यावरच बघायला?"

टेबलाखाली चिमी सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकल करकचून थांबली. चिखलानं माखलेला केतन धापा टाकत आत शिरला. "पहिला पडलाय!"

"काहीतरीच काय! पान तर चालू आहे."

दोघांनी वाकून पाहिलं. दुसरा राउटर ऐटीत लुकलुकत होता. पहिला काळाठिक्कर, आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर गायब. चिमीच्या फ्रॉकच्या खिशातून काळी तार लोंबत होती.

केतन हसला. मग हसू विरलं. "खरं सांगू? घंटा वाजली, तेव्हा बरं वाटलं. रोज वाट बघत होतो... सांगायला लाज वाटते."

"वाटायलाच हवी! घंटेशिवाय यायला पाय मोडले होते?"

"कुठल्या नात्यानं यायचं?"

"ते विचारायलासुद्धा यावं लागतं, साहेब!"

"मग... विचारतो. रोज 'मी आहे' म्हणत राहीन. ऐकाल?"

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. कपाळावरची आठी तशीच होती, कान मात्र लाल झाले होते. "ऐकेन. पण एक दिवस जरी चुकलात—"

"भांडाल. माहीत आहे."

"चिमे, दे ते इकडे! त्यांना परत बोईसर गाठायचंय."

चिमीनं अ‍ॅडॉप्टर खिशातून काढला. एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा केतनकडे. मग मोबाइलवर बाबाची होडी जागच्या जागी आहे ना, ते पाहिलं. होती. तिनं अ‍ॅडॉप्टर पुन्हा खिशात कोंबला आणि बंदराकडे धूम ठोकली.