गोल टेबलाखालची जागा

"पाय ठेवायला जागा म्हणून नाही या घरात," सातुर्निनो पुटपुटला. पुटपुटला म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोला, कासिल्दाला, नीट ऐकू जाईल इतपत. "काल आलेली पोरगी, आणि टेबलाखाली तंगड्या पसरून बसलीय."

"हळू बोल. तिला कळतं."

"डोंबल कळतं! मघाशी मीठ मागितलं, तर 'आभारी आहे' म्हणाली."

समोर ओर्ला मान खाली घालून मसूर खात होती. आयर्लंडहून स्पॅनिश शिकायला आली होती, वर्षभरासाठी. कासिल्दा पाव कापायला उठली आणि जाता जाता तिची नजर ओर्लाच्या खुर्चीकडे गेली. पोरीने दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीच्या आडव्या दांडीवर टेकवले होते. टेबलाखाली तिचा एकही पाय नव्हता.

कासिल्दा पाव घेऊन परतली. तिने ओर्लाला आणखी एक पळीभर मसूर वाढली.

स्पेनमधल्या सालामांकाचा हिवाळा म्हणजे नदीवरून येणारं धुकं आणि गोठलेल्या खोल्या. अशा दिवसांत घर म्हणजे काय, तर हे गोल टेबल. वरून जमिनीपर्यंत लोंबणारं जाड लोकरी कापड, आत विजेची शेगडी. कापड कमरेपर्यंत ओढून घ्यायचं, पाय आत सोडायचे आणि मार्चपर्यंत तिथून हलायचं नाही. जेवण तिथे, शिवण तिथे, भांडणंही तिथेच. कासिल्दाच्या टेबलाची एक बाजू खिडकीखालच्या भिंतीला चिकटलेली होती. तिथे खुर्ची तर सोडाच, हातसुद्धा शिरला नसता.

पाय यायचे ते त्या बाजूने.

मुलगी लग्न करून व्हिगोला गेली, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हे सुरू झालं. आता कुणी म्हणेल, घरात एखादं मूल दगावलं असेल. तसं काही नाही. कासिल्दाला एकच मुलगी झाली, ती धडधाकट आहे आणि दर रविवारी फोनवर आईला अक्कल शिकवते. टेबल दुकानातून नवंकोरं आणलेलं. आधीच्या भाडेकरूंचं म्हणाल, तर ते अजून खालच्या गल्लीत राहतात आणि भेटले की पाण्याच्या नळाबद्दल तक्रार करतात.

तरी पाय यायचे. थंडगार, अनवाणी. समोरची खुर्ची रिकामी असली की ते कासिल्दाला शोधायचे. तिच्या पावलांवर चढायचे, घासायचे, क्षणभर स्वस्थ बसायचे नाहीत. एक अख्खा हिवाळा तिने ओट्याशी उभं राहून जेवण उरकलं होतं आणि सातुर्निनोला सांगितलं होतं, की बसलं की पाठ धरते. त्याने 'बरं' म्हटलं होतं. त्याच हिवाळ्यात तो स्वतःही सोफ्यावर ताट घेऊन बसायला लागला. का, ते तिनेही विचारलं नाही.

मग तिने भाषाशाळेतून विद्यार्थी ठेवायला घेतले. त्या खुर्चीवर कुणी तरुण माणूस बसलं की पाय त्याच्याकडे जात आणि शांत होत. सातुर्निनो टेबलावर परत आला. पोस्टातल्या नोकरीचे तेच ते किस्से सांगू लागला. घर पुन्हा घरासारखं वाटायचं. पण विद्यार्थी टिकत नव्हते. फिनलंडचा मुलगा म्हणाला, जिने चढून गुडघे दुखतात. रोज सकाळी तो नदीकाठी पळायला जायचा. जर्मन मुलीला लोकरीची अॅलर्जी निघाली. सगळ्यांनी दोन्ही गालांवर मुके दिले, स्वयंपाकाची तारीफ केली आणि बॅगा उचलल्या. टेबलाचं नाव कुणी काढलं नाही.

"तुझी खोली उन्हाची, जेवण उत्तम," शाळेतली मेर्चे म्हणाली होती. "मग पोरं पळतात का गं कासिल्दा? ही ओर्ला गेली तर मात्र पुढे कुणाला पाठवता येणार नाही मला."

म्हणून कासिल्दा ओर्लावर नजर ठेवून होती, उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी जेवणं आटोपली होती. सातुर्निनो सोफ्यावर आडवा होऊन घोरत होता. कासिल्दा कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी. ओर्ला एकटीच टेबलाशी क्रियापदं घोकत होती. मधेच तिचं घोकणं थांबलं. तिने सातुर्निनोच्या पायांकडे पाहिलं. मग कासिल्दाच्या सपातांकडे पाहिलं. मग बराच वेळ भिंतीकडे.

"कॉफी घेतेस?" कासिल्दाने विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला चमच्यासारखा किणकिणता वाटला.

"हो, सेन्योरा." ओर्लाने वही मिटली. "गार आहेत किती."

"काय गार?"

"काही नाही. द्या कॉफी."

आणि मग तिने केलं ते आजवर कुणी केलं नव्हतं. कापडाच्या कडेखालून हात घातला आणि शेगडी एका खुणेने वाढवली.

त्या दिवसापासून पोरीने पाय खाली सोडले. लिहिता लिहिता ती कसलंसं गाणं गुणगुणायची आणि टेबलाचं कापड हळूहळू हलायचं, ताल धरल्यासारखं. सातुर्निनो तिला फुटबॉल समजावायचा, ती त्याला चुकीच्या संघाची बाजू घेऊन चिडवायची. "आजोबा, तुमचा गोलकीपर झोपलाय, तुमच्यासारखा." तो खूश व्हायचा. कासिल्दाने लसणीच्या सुपात एक अंडं जास्त घालायला सुरुवात केली. इतकं बरं घरात कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नाताळला ओर्ला घरी निघाली. मोठी सुटकेस घेऊन. कासिल्दा मागाहून चादर बदलायला गेली, तर फळीवरची पुस्तकंसुद्धा नव्हती.

"गेली," सातुर्निनो म्हणाला.

"सुट्टीला गेलीय."

"फिनलंडचाही सुट्टीलाच गेला होता."

वर्षाच्या शेवटच्या रात्री दोघं टेबलाशी बाराच्या ठोक्यांवर खायच्या द्राक्षांच्या वाट्या घेऊन बसले. खालून टेबलाच्या पायाला धक्के बसत होते. ग्लास एकमेकांवर किणकिणत होते. सातुर्निनोने टीव्हीचा आवाज वाढवला. कासिल्दाने आपले पाय पोटाशी घेतले आणि उरलेली द्राक्षं तशीच ठेवली.

पाच जानेवारीला दुपारी दारावरची घंटा वाजली. ओर्ला! नाक लाल, हातात आईने दिलेला केक. पुस्तकं शिकून झालेली होती म्हणून घरी ठेवून आली होती, एवढंच. कासिल्दाने तिला अशी कवटाळली की पोर म्हणाली, "सेन्योरा, श्वास घेऊ द्या!"

संध्याकाळी बूट मांडायचे होते. त्या रात्री पूर्वेचे तीन राजे उंटांवरून येऊन घरोघर बुटांत भेटी ठेवतात. कासिल्दाने सगळे बूट चकचकीत पुसले, बाल्कनीच्या दाराशी ओळीने लावले आणि उंटांसाठी भांडंभर पाणी ठेवलं.

"तुझेही ठेव गं. घरात कोण कोण आहे ते राजांना कळायला नको का?"

ओर्लाने आपले बूट ठेवले. मग ती खोलीत गेली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. लोकरीच्या लाल सपाता. लहान मुलाच्या. तिने त्या आपल्या बुटांशेजारी ठेवल्या आणि टोकं सारखी केली.

सातुर्निनो टीव्हीवरची मिरवणूक बघत राहिला. कासिल्दा उंटांच्या पाण्याकडे बघत राहिली.

निजायच्या आधी तिने सातुर्निनोच्या बुटात मफलर ठेवला, ओर्लाच्या बुटात हातमोजे. लाल सपातांपुढे ती जराशी थांबली. मग त्यांत मूठभर गोळ्या टाकल्या.

सकाळी सपाता जागेवर नव्हत्या. गोळ्या होत्या. फरशीवर, एकावर एक नीट रचलेल्या.

"अय्या, हातमोजे!" ओर्ला जरा मोठ्यानेच म्हणाली.

तिघं टेबलाशी बसले. कासिल्दाने राजांचा गोल केक कापला. बाहेर ऊन पडलं होतं. शेगडीची ऊब गुडघ्यांपर्यंत येत होती. ओर्ला हातमोजे घालूनच कॉफी प्यायली आणि तिघंही हसले.

मग खालून आवाज आला. फरशीवर लोकर घासल्याचा. थोडं पुढे. थोडं मागे.

थांबला.

सातुर्निनोने कप खाली ठेवला. तो वाकला आणि त्याने कापड उचललं.

इतक्या वर्षांत आत बघायला ते कुणी उचललं नव्हतं.

त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला. कासिल्दाने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लाल सपाता टेबलावर होत्या, केकशेजारी. टाचा पार चेपलेल्या. एकीची शिवण अंगठ्यापाशी उसवलेली.

सातुर्निनोने ती उसवण बोटाने चाचपली. बराच वेळ.

"लहान होतात," तो म्हणाला. "गेल्या वर्षी बसल्या असत्या त्याला."