मधल्या चित्रांतली रेघ

रेणापूर तालुक्यातलं एक गाव, एकेचाळीस घरं. दर महिन्याला एकच प्रश्न: विरजण कुणाच्या घरून आणलं? ऋतुजा तिच्या प्रबंधासाठी उत्तरं गोळा करायची. मी नांदेडच्या माझ्या ग्राफिक्सच्या दुकानात बसून त्याचं हलतं चित्र करायचो. घर म्हणजे ठिपका, विरजण म्हणजे रेघ. दोन महिन्यांच्या मधली चित्रं कॉम्प्युटर स्वतः भरतो, डोळ्याला झटका बसू नये म्हणून. ती खोटी असतात. तसं कुणी सांगितलेलं नसतं.

एकेचाळीस नंबरला एकही रेघ नव्हती. महामायाबाईचं घर.

"त्यांचं कुणी घेत न्हाई, तय्यबभाई," ऋतुजा म्हणाली.

"का?"

"आता तुम्हाला काय सांगायचं."

"जात म्हण की. जीभ झडते का?"

ती पुढच्या घराची नोंद वाचू लागली. तिची आई साखराबाई त्याच गावात एकटी राहायची, सतरा नंबरला.

मी बोललो लई. पण एकदा गावात गेलो होतो, तेव्हा महामायाबाईनं माझ्यापुढं ताकाचा तांब्या केला होता. गाव बघत होतं. "पोट बरं न्हाई," म्हणालो आणि पुढं चालू लागलो.

सातव्या महिन्यात ती मेली. तीन दिवसांनी वास सुटला तेव्हा गावाला कळलं. मी तिचा ठिपका पुसून टाकला.

सात आणि आठच्या मधल्या चित्रांत तो परत आला. त्यातून एक रेघ निघाली, नऊ नंबरला टेकली आणि विरली. आठव्या महिन्यात नऊ नंबरच्या सगळ्या रेघा गेलेल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात तेवीस नंबर. सगळं दुसऱ्या लॅपटॉपवर नव्यानं केलं. तेच.

ऋतुजानं तेवीसला फोन लावला.

"दहीच लागत न्हाई बघ," तिथली बाई म्हणाली. "कुणाचंबी विरजण घाल, दूध तसंच. आता आमच्या दारात कोण येतंय? एक बाई वाटी घेऊन आलती, तिला न्हाई म्हणलं. तवापासून."

"कोण बाई?"

फोन ठेवला तिनं.

आमच्याकडं दहाच महिन्यांची माहिती होती. चित्र दहावर थांबायला पाहिजे.

थांबलं नाही.

पुसलेला ठिपका उगवला. रेघ सतराकडं निघाली.

"आईला फोन लाव," मी ओरडलो. "वाटी घे म्हणाव!"

तिनं नंबर लावला. स्पीकर लागला.

"आई, कुणी वाटी घेऊन आलं तर न्हाई म्हणू नको गं."

"आत्ताच आलती की. दार लावून घेतलं मी. आपल्याला चालतंय व्हय तिचं?"

"कुणाचं, आई?"

"महामाया..." साखराबाईनं नाव अर्ध्यावरच सोडलं.

पडद्यावर सतराच्या रेघा एकेक तुटल्या.

मग अजून एक रेघ निघाली. गावाबाहेर, पडद्याच्या काठाकडं. तिकडं मी एकही ठिपका काढला नव्हता.

घरी आलो. बायको, बानो, ओट्यापाशी उभी होती.

"अजी, शेजारसे जामन लाके दो बार लगाई. दही जम्याच नै."

मी पातेलं कलतं केलं. दूध पाण्यासारखं हललं.