व्याह्यांचा भयलेख

भाऊसाहेब रणपिसे यांच्या लेकीला मुलगी झाली आणि बारशात नाव ठेवायचा मान व्याह्यांच्या घरी गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. लेहच्या प्रयोगशाळेत भाऊसाहेब आणि त्यांचे व्याही दिगंबरराव झांबरे शेजारी बसले होते. दोघांचीही तीस वर्षं निर्जन पठारांवर मोटारसायकल चालवण्यात गेलेली.

डॉ. वैजयंती नेने यांनी टेबलावर शिरस्त्राण ठेवलं. "जाणत्या स्वाराचं शरीर मनाच्या आधी धोका ओळखतं. छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो. ते जागेसकट नोंदलं, की झाला भयलेख. नवख्याने हे घातलं, की त्याच जागी त्याच्या छातीत तीच धडधड उठेल."

"आणि जिथे आमची छाती धडधडली नाही तिथे?" दिगंबररावांनी विचारलं.

"तिथे तोही निर्धास्त. दोघांचे लेख मात्र एकत्र करता येत नाहीत. कुणातरी एकाचा घ्यावा लागेल."

गेल्या आठवड्यात दोघांनी एकाच रस्त्यावर आपापला भयलेख नोंदवला होता. दिगंबररावांच्या एकोणीस खुणा, भाऊसाहेबांच्या त्रेपन्न.

"खुणा जास्त, म्हणून तुमचाच घेऊ," डॉक्टर भाऊसाहेबांना म्हणाल्या आणि नकाशातल्या एका खुणेवर त्यांनी बोट ठेवलं. "पण इथे तर सपाट रस्ता. काय दिसलं होतं?"

भाऊसाहेबांना पक्कं आठवत होतं. तिथे दिगंबरराव हात हलवत पुढे निघून गेले होते. बहुतेक खुणा व्याह्यांची पाठ बघतानाच उमटल्या होत्या.

"बारीक खडी होती," ते म्हणाले.

"व्याहीबुवा, नजर घारीची हो तुमची! मला नाही दिसली," दिगंबरराव म्हणाले.

ते कौतुकही भाऊसाहेबांना झोंबलं. "नाव तुम्ही ठेवलंत, खडी तरी आम्हाला दिसू द्या."

सगळे हसले. पहिलं शिरस्त्राण जावई ऋतुराजने, म्हणजे दिगंबररावांच्या मुलाने, हौसेने मागून घेतलं.

तो त्याच रस्त्याने पहाटे निघाला. वाटेतला मोठा नाला दहाच्या आत ओलांडायचा, हे पोरालाही ठाऊक असतं; दुपारी वरचं बर्फ वितळतं आणि घोटाभर पाणी छातीला लागतं. पण सपाट रस्त्यावर त्याची छाती धडधडे. तो थांबे, उतरून खडी शोधे, काही न सापडता पुढे जाई. नाल्यावर पोचायला त्याला तीन वाजले. पाणी गढूळ आणि फुगलेलं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला अगदी निर्धास्त वाटलं.

मागाहून डॉक्टरांनी दोन्ही लेख शेजारी ठेवले. नाल्यावर दिगंबररावांच्या चार खुणा होत्या. ते बूट काढून, काठी टेकत आधी पायी उतरले होते. भाऊसाहेबांची एकही नव्हती.

"इथे काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्याही पाण्यात चाचपडत होते," भाऊसाहेब म्हणाले. "मी पुढे निघून गेलो. साऱ्या वाटेत तेवढाच वेळ मी पुढे होतो."

ऋतुराज दिगंबर झांबरे, वय एकतीस, मुलीच्या बारशाच्याच वर्षी सतरा ऑगस्टला दुपारी सव्वातीन वाजता त्या नाल्यात वाहून गेला.