दोन पालांज्यान

“सात बेंब्या मोजाव्या, पोरी, मगच नजर उचलावी…”

शेजारच्या हेरिकनाझ काकूंचा हा आवाज. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. ग्युम्री गावातल्या आमच्या अंगणात शेजारणी रजयांची लोकर झोडपत बसायच्या, आणि काठीच्या ठेक्यावर काकू गाणं जुळवायच्या —

एक बेंब तुझी गं, दुजी तुझ्या बापाची,
तिजी तुझ्या आज्याची, चवथी त्याच्या बापाची…
सात भरल्यावाचून गं, सोयरीक पापाची!

सात पिढ्यांत कुठंही रक्त जुळलं, तर लग्न नाही. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. लोकरीच्या धुरळ्यासारखं ते आपोआप नाकातोंडात जातं.

तो आवाज मला पुन्हा ऐकू आला तो वीस वर्षांनी, चष्म्याच्या दुकानात.

बाहेर बर्फ आणि पाऊस एकमेकांत मिसळून पडत होते. आजोबांचा नवा चष्मा मी आदल्या दिवशी घरी नेला होता, पण तो त्यांचा नव्हताच. बदलून घ्यायला आले, तर काउंटरपाशी एक उंच तरुण आरशासमोर उभा होता आणि डोळे बारीक करून स्वतःला शोधत होता. त्याच्या नाकावर आजोबांची काळी फ्रेम.

“तुमच्या नाकावर माझे आजोबा बसलेत,” मी म्हणाले.

तो वळला. बहुतेक मी त्याला धुरकट दिसत असणार, कारण तो फारच धीटपणे हसला. “आणि माझा चष्मा कुणाच्या नाकावर आहे?”

“त्यांच्या. कालपासून त्यांना घरात दोन मांजरं दिसतात. आमच्याकडे एकच आहे.”

दुकानदार म्हातारा नालबंद्यान वैतागला. “माझी काय चूक? चाळीस वर्षांत या गावात एकच पालांज्यान चष्मा करायला येतो. पाकिटावर नुसतं आडनाव लिहिलं. दुसरा कुठून उगवला?”

मी निरखून पाहू लागले. तोही.

“तू… पालांज्यान?” त्यानं विचारलं.

“का? दिसत नाही?”

“म्हणजे गाढवांसाठी पालाण शिवणारे. गाढवांचे शिंपी!”

“आमच्यातले शिंपी. तुमच्याकडची गाढवं असतील.”

नालबंद्यान खो-खो हसला. मीही हसले… आणि हसता हसता कुठूनतरी काठीचा आवाज आला. ठप. ठप. सात बेंब्या मोजाव्या, पोरी.

त्याचं नाव झावेन. जवळच्या आर्तिक गावचा, पण ग्युम्रीत एका चीजच्या कारखान्यात कामाला. दोन दिवसांनी मी काम करायची त्या मोज्यांच्या कारखान्यातून सुटले, तर फाटकाबाहेर तो उभा! हातात कागदात गुंडाळलेली चीजची वेणी.

“चष्मा जमला का आजोबांना?”

“जमला. आता मांजर एकच आहे.”

“मग ही वेणी मांजराला दे,” तो म्हणाला, आणि तिचा एक बारीक धागा सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या बोटांना ताकाचा वास होता. मी तो धागा लगेच खाल्ला नाही. कोपऱ्यापर्यंत मुठीत धरून नेला.

असं रोज होऊ लागलं. काळ्या दगडांच्या घरांवरनं बर्फ वितळून ठिबकत राहायचं, आम्ही वळचणीखालून चालायचो, तो बडबडायचा, मी टोमणे मारायची. आणि मध्येच मी थांबायची.

“झावेन, आडनाव एकच आहे…”

“असू दे की! नालबंद्यान बघ. अर्धा देश नालबंद्यान आहे, म्हणून काय सगळे एकाच नालबंदाची पोरं? काझानच्यान म्हणजे कढया ठोकणारे, आणि कढया काय एकाच गावात ठोकल्या? झुर्नाच्यानांचा आजा सनई वाजवायचा, पण प्रत्येक लग्नात निराळा! जिथं जिथं गाढव, तिथं तिथं पालांज्यान.” मग आवाज उतरवून, “आडनावानं धंदा कळतो, नाझेली जान. रक्त नाही.”

पटायचं. घरी पोचेपर्यंत पटलेलं असायचं. उंबऱ्यात पाय ठेवला की पुन्हा धाकधूक.

आईबाबा रशियात कामाला, घरात मी आणि आजोबा दोघंच. जगात आम्हाला दुसरं कुणी नव्हतं. सणाला सगळ्यांच्या घरी काका-मामा यायचे, आमच्याकडे शेजारी. आजोबांचे वडील, मिह्रान, अनाथाश्रमात वाढलेले. त्यामागे भिंत.

“पापिक,” मी एकदा आजोबांना चहा देताना विचारलं, “आपण मूळचे कुठले पालांज्यान?”

आजोबांचा चमचा पेल्यात फिरायचा थांबला. “पालाण शिवायचे. झालं. साखर कमी आहे.”

साखर बरोबर होती.

जर्दाळू फुलले तेव्हा झावेनची माणसं माझा हात मागायला आली. त्याचे वडील, आणि वडिलांची आत्या, सातेनिक. सत्तरीची, ताठ, काळा रुमाल बांधलेली. टेबलावर कोन्याकची बाटली, मिठाई. माझ्या हातातल्या कॉफीच्या कपांचा बशीवर आवाज होत होता, आणि झावेन खुर्चीतून डोळ्यांनीच मला चिडवत होता. पाडशील, पाडशील…

बोलणी सुरू होण्याआधी गेलेल्यांच्या नावानं पेला उचलायचा. आजोबा उठले. “माझ्या बापाच्या नावानं. मिह्रान पालांज्यान. अनाथाश्रमातलं पोर, पण माणूस सोन्याचा.”

सातेनिक आत्याचा पेला हवेतच राहिला.

“कुठल्या अनाथाश्रमातलं?”

“इथल्याच. ग्युम्रीच्या.”

“कार्सहून आलेला?”

आजोबांनी पेला खाली ठेवला. आत्या टेबलावर पुढं वाकली. “माझ्या बापाचा धाकटा भाऊ… कार्सहून पळून येताना गर्दीत हात सुटला. मिह्रान. माझा बाप मरेपर्यंत त्याला शोधत होता. दर वर्षी निराळ्या गावात जायचा, दारोदार विचारायचा…” ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आजोबांच्या गळ्यात पडली. “दादा! माझ्या काकाचा मुलगा! तुझी पीडा मला लागो, कुठं होतास रे इतकी वर्षं!”

आजोबा खांबासारखे उभे होते. मग हळूच त्यांचा हात उचलला गेला, आणि तिच्या पाठीवर टेकला.

सगळे रडत होते, हसत होते. झावेनचे वडील पेले भरत होते. मी भिंतीला टेकून मोजत होते. दोन भाऊ, ही एक. त्यांची मुलं, दोन. मग आमचे बाप, तीन. आम्ही, चार.

चारच भरल्या.

झावेननंही मोजलं असावं. तो आता चिडवत नव्हता.

लग्नाची गोष्ट त्या दिवशी कुणी काढलीच नाही. मोडली असंही कुणी म्हणालं नाही. जाताना आत्यानं माझं कपाळ चुंबलं आणि म्हणाली, “देवानं सून मागायला पाठवलं, आणि नात दिली.”

पुढचे पंधरा दिवस… काय सांगू? फाटकाबाहेर झावेन उभा असायचा, पण रस्त्याच्या पलीकडे. चौथ्या दिवशी अलीकडे आला.

“ताई म्हणू का तुला?” त्यानं हसायचा प्रयत्न केला.

“म्हणून बघ. तोंडात चीज कोंबीन.”

“नाझेली, मला झोप लागत नाही.”

मला हवं होतं एकच सरळ वाक्य. पण तो गमत्या माणूस, त्याला सरळ बोलता यायचं नाही, आणि मला विचारता यायचं नाही. त्यानं वेणीतला धागा काढला, देऊ की नको करत राहिला, आणि शेवटी कागद तसाच माझ्या हाती ठेवून गेला.

घरी मात्र आजोबा बदलले होते. आत्या दर दोन दिवसांनी फोन करायची, त्यांना “मुकुच दादा” म्हणायची, आणि ते फोन कानाला घट्ट धरून बसायचे. दाढी रोज करायचे. एकदा मी त्यांना आरशात स्वतःलाच हळू म्हणताना ऐकलं… “दादा.” मी कसं सांगणार होते त्यांना, की तुमचं हे सुख माझ्या घशात अडकलंय? मी ताटात वाढत राहिले, ते कमी जेवत राहिले. माझ्याकडे बघणं टाळत राहिले.

पंधराव्या दिवशी दुपारी आत्या आली, झावेनला सोबत घेऊन. तिनं टेबलावर एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद पसरला. तिच्या वडिलांनी लिहिलेली वंशावळ. मिह्रानच्या नावाखाली कोरी जागा.

“नव्वद वर्षं ही जागा रिकामी ठेवलीय,” ती म्हणाली. “सांग दादा. आधी तू, मग तुझा मुलगा, मग आमची नाझेली.” तिनं पेन उघडलं.

तिनं ‘मुकुच’ लिहिलं. आजोबा बघत राहिले. माझ्या बाबांचं नाव लिहिलं. मग पेन खाली सरकलं…

“तिचं लिहू नका.”

झावेन उठून उभा होता, कानापर्यंत लाल. “आत्याआजी, तिथं लिहिलंत तर ती कायमची माझी बहीण होईल. मला ती बहीण नकोय. माझं प्रेम आहे तिच्यावर. कागदाला काय सांगायचं ते सांगा, पण मला दुसरं काही बोलता येणार नाही.”

आत्यानं पेन खाली ठेवलं. आत्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं दुःख होतं. “लेकरा, रक्त आहे ते…”

“नाही,” आजोबा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. घडी करून तो टेबलावर ठेवला.

“रक्त नाही, सातेनिक. तुझा काका अनाथाश्रमातल्या पहिल्याच हिवाळ्यात गेला. तापानं. आठ वर्षांचा होता. माझा बाप रस्त्यावरचं पोर, त्याचं नाव यादीत नव्हतं, आणि यादीत नाव नसेल तर भाकरी नाही. खऱ्या मिह्राननं त्याला चोरून आपल्या खाटेवर घेतलं होतं. आपल्यातली अर्धी द्यायचा. तो गेला त्या सकाळी हजेरी घेणारा आला, ‘मिह्रान पालांज्यान’ म्हणाला… आणि माझ्या बापानं हात वर केला. आपलं आडनाव काय होतं, ते त्याला कधी आठवलंच नाही. मरताना मला हे सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला.”

आत्या कागदावर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, “एकटा गेला का रे तो?”

“नाही. माझा बाप त्याला बिलगून होता.”

तिनं मान हलवली. डोळे पुसले नाहीत.

“त्याच दिवशी सांगायला हवं होतं,” आजोबा म्हणाले. “पण चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी दादा म्हटलं नव्हतं. मोह आवरला नाही. रोज म्हणायचो, उद्या सांगीन. आणि ही पोर माझ्यासमोर वाळत होती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग आत्याकडे वळले.

“त्या कागदावर आमचं काही नाही, सातेनिक. खोडून टाक मला. आणि मग… पुन्हा एकदा माग माझी नात.”