अजाण बाळाची घंटा

त्या खोलीला मागच्या बाजूने दार होतं की नव्हतं, हे ॲन्सेल्म सरांना कधीच नक्की आठवलं नाही. तीस वर्षं मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला हा माणूस. प्रत्येक मोजमापाखाली 'चूक अमुक इतकी असू शकते' असं मुलांना लिहायला लावणारा. या एका गोष्टीत मात्र त्यांची सगळी मापं चुकत. म्हणून पुढचं सारं त्यांच्या आठवणीवर भरवसा ठेवून नव्हे, त्यांचा संशय सोबत घेऊनच ऐकावं.

१९८३ चा ऑक्टोबर होता. पत्नी इनेझ जाऊन दोन वर्षं होत आली होती. उमेळे गावातल्या घरात सर एकटेच राहत. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर वर्तमानपत्रं साठत गेली होती. इनेझच्या नावाने पुण्यतिथीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायची, एवढ्या साध्या कामासाठी ते दुपारी चर्चकडे निघाले.

वाट केळीच्या वाड्यांमधून जाई. आता मधूनच एखादी वाडी तोडलेली असे आणि तिथे इमारतीच्या सळया उभ्या दिसत. वारा पडला होता. केळीच्या खोडांच्या कुजलेल्या सोपटांचा ओलसर, गोडूस वास जागीच साचून राहिला होता. एक पान हलत नव्हतं.

आणि घंटा सुरू झाली.

ती बाराची नव्हती. मोठ्या माणसाच्या मरणाचीही नव्हती. ती संथ असते, एक ठोका विरेपर्यंत दुसरा पडत नाही. ही भराभर वाजत होती, खेळकर, एखाद्या लग्नासारखी. गावात अशी घंटा एकाच मरणाला वाजते. बाप्तिस्मा झालेलं अजाण बाळ गेलं, तर ते सरळ देवदूतांत जातं. त्याच्यासाठी रडायचं नसतं.

कोणाचं बरं गेलं? सरांचा हात सवयीने क्रूसाची खूण करायला कपाळाकडे गेला, तो तिथेच थांबला. घंटा तर दोन महिन्यांपूर्वीच तडकली होती. मनोऱ्यावर आता कर्णा होता आणि बाराला घंटेची टेप लावत.

चर्चच्या पडवीत प्लासिड मेणबत्त्यांचे बुडखे गोळा करत बसला होता. चर्चची झाडलोट आणि घंटा हे त्याचंच काम.

"प्लासिड, कोण गेलं रे?"

"कोणी नाही, सर. का?"

"घंटा वाजली ना आत्ता..."

"घंटा?" प्लासिड हसला. "सकाळपासून लाइट नाही, टेपसुद्धा लावली नाही मी. आणि आमची म्हातारी ही इथे पडलीय."

पडवीच्या टोकाला दोन फळ्यांवर घंटा आडवी ठेवली होती. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. सरांनी तिच्यावर तळवा टेकवला. ठोका पडून गेल्यावर धातू आतून थरथरत राहतो, तशी ती बारीक थरथरत होती.

"हात लाव."

प्लासिडने हात लावला. "तापलीय, सर. सोमवारी वितळवायला जायचीय, घाबरली असेल." मग त्याने सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "उन्हातून आलात. पाणी देऊ?"

मिस्सा सांगायची राहिली ती राहिलीच. सर तसेच परत फिरले.

ती घंटा त्यांना आयुष्यात एकदाच ऐकायची होती, ती १९५१ च्या श्रावणात. इनेझच्या माहेरी, बाहेर मुसळधार पाऊस, दारं-खिडक्या लावलेल्या, भरदुपारी कंदील पेटवलेला. मुलगी झाली ती निळी पडत चाललेली. फादर अर्नाळ्याला गेले होते. अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी घालायचं आणि शब्द म्हणायचे. "ॲन्सेल्म, तू दे... लवकर," इनेझ म्हणाली होती. त्या दिवसांत सर मिस्सेला जात नसत. देवाचं गणित सुटत नाही, असं चारचौघांत म्हणत. त्यांनी पाणी घातलं.

"शब्द म्हटलेस?" दुसऱ्या दिवशी फादरांनी विचारलं.

"आठवत नाही, फादर."

उत्तर खरं होतं, आणि शब्दांविना बाप्तिस्मा धरला जात नाही. त्या खऱ्या उत्तरापायी पोरीला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, भेंडीच्या मोठ्या झाडाखाली पुरलं. घंटा वाजली नाही. इनेझ खाटेवर पडून संध्याकाळपर्यंत कान देऊन होती. ती त्यांना कधी काही बोलली नाही. पण पुढची तीस वर्षं, बाराची घंटा थांबली तरी तिच्या हातातला आमटीचा डाव क्षणभर तसाच राही, जणू आणखी काही वाजायचं बाकी आहे.

वाटेत रखमाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. त्या दुपारची सुईण तीच. ऐंशी उलटलेली आणि दहा वर्षं ठार बहिरी.

"मास्तर," तिनेच हाक मारली, "आता घंटा वाजली नाय? बारक्या पोराची?"

सर वळून ओट्याशी आले. "तुला... ऐकू आली?" ते तिच्या कानाशी ओरडले. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांचं ओरडणं तिला ऐकू आलं नव्हतं.

"तुझ्या पोरीला नाय वाजवली तवा," ती म्हणाली. "लय वाईट केलं तुमच्या फादरनं. सोताच मंत्र बोलला, आन् सोताच घंटा नाय वाजवली."

सरांनी जोरजोराने मान हलवली. फादर नव्हतेच.

"मंग तो कोन? तू पानी घातलंस. तुझी तर वाचाच बसली होती. बोलला तो. तुझ्या मागं दारात उभा, पांढरा झगा... एवढा उंच, म्हटलं डोकं आढ्याला लागतं आता. तुझी सावली पोरीवर पडत होती. मी बोलले नव्हते तुला, सरक जरा?"

बोलली होती. 'सरक जरा, सावली पडते.' तेवढं सरांना लख्ख आठवत होतं. पण कंदील खाटेच्या उशाशी होता, त्यांच्या समोर. समोर दिवा असेल तर सावली मागे पडते; एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं.

त्यांनी बोटाने स्वतःच्या पाठीमागे दाखवलं. उजेड... तिकडून?

रखमाबाईने मान डोलावली. मग वाल तसेच ठेवून आवाज खाली आणला.

"पोरीकडं नाय बघितलं त्यानं, मास्तर. वाकून तुझ्याकडंच बघत होता."

सरांनी मनाशी त्या दाराचाच आधार धरला. मागे दार असेल, तर कोणी शेजारी कंदील घेऊन आला असेल, देवभोळेपणाने शब्द म्हणून गेला असेल. माहेरचं ते घर आता इनेझचा भाऊ फेबियन याचं होतं आणि खोलीच्या त्या मागच्या भिंतीला वरपर्यंत सिमेंटची कपाटं होती. "दार? असेल, भावोजी," फेबियन म्हणाला. "मी तेव्हा चड्डी ओली करत होतो, मला काय विचारता?"

असेल. या एका शब्दावर सरांनी सहा वर्षं काढली. नव्या फादरांनी भेंडीच्या त्या झाडाखाली जाऊन प्रार्थना केली, तेव्हा ते सोबत होते. रोज पहाटेच्या मिस्सेला जाऊ लागले. मात्र बसत ते सगळ्यात मागच्या बाकावर, पाठ भिंतीला घट्ट टेकवून. पाठीमागे कोणाला उभं राहता येऊ नये, म्हणून.

१९८९ च्या मे महिन्यात फेबियनने घर बिल्डरला दिलं. पाडायच्या दिवशी सर मोजपट्टी घेऊन हजर राहिले. कपाटं निघाली, गिलावा खरवडला गेला. आत जुना काळा दगड होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग. चौकटीची खूण नव्हती, कुठे दार बुजवल्याचा सांधा नव्हता. खाटेची जागा धरून त्यांनी दोनदा अंतर मोजलं. खाटेपासून भिंत दीड हातावर होती. एका माणसाला पाठ टेकवून उभं राहता येईल, एवढीच जागा. आणि त्या दुपारी तिथे ते स्वतः उभे होते.