पिसाऱ्यातला नंबर

सनी, तो मोबाईल जरा खाली ठेव. आणि पायल, तू ती शाल घे. गच्चीवर गार आहे, उद्या शिंकत बसलीस की तुझी आई मला बोलेल.

गाडी घेतलीस, चांगलं झालं. सेकंडहँड का असेना, आपल्या घरात चारचाकी आली. पण मघाशी तू नंबरप्लेटचं जे चित्र दाखवलंस ना, नाव एवढं मोठं आणि नंबर मुंगीएवढा, ते मला पटलेलं नाही. तुझा आजा एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पेंटर होता. किती गाड्यांवर ह्या हातानं नंबर काढले त्याला मोजदाद नाही. आमचे साहेब पन्नास पावलं मागे जायचे आणि तिथून वाचायचे. वाचता आला नाही तर पुसायला लावायचे. म्हणायचे, सावळीराम, नंबर मालकासाठी नसतो, रस्त्यावरच्या माणसासाठी असतो.

आता कुणी आकडे वाकवून त्याचं 'दादा' करतो, कुणी पाटीवर मिशा काढतो. जन्मतारखेचा नंबर पाहिजे? घ्या की, रीतसर अर्ज करा. मी हौसेच्या विरुद्ध नाही. मीही तुझ्या आजीचं नाव सायकलच्या मडगार्डवर काढलं होतं. पण गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे, बस. हसू नकोस. का बोलतोय ते ऐक, मग तुझं तू ठरव.

धम्मपाल तुला माहीत आहे. पाथर्डी फाट्याकडे ज्याचं रेडियमचं दुकान होतं तो. ब्रश धरायला माझ्याकडेच शिकला, पुढे कटर घेऊन रेडियममध्ये गेला. हात असा, की एका रेघेत घोडा काढायचा. आणि भूतबित मानणारा माणूस नव्हे हो. भीमजयंतीला अंधश्रद्धेवर भाषण असलं की ते धम्मपालचंच. दुकानात बाबासाहेबांचा फोटो, खाली त्यानेच कापलेली अक्षरं, 'आधी तपासा, मग माना'. मीही मानत नाही. आजही नाही. जे झालं ते फक्त सांगतो.

देवळाली कॅम्पला एक लखनशेठ आहेत. खरं नाव हे नाही, असं समज. त्यांच्या जुन्या मोठ्या गाडीसाठी धम्मपालने तीन वर्षांपूर्वी अॅक्रेलिकची एक पाटी केली होती. तिच्यावर मोर. सगळी पाटी भरून हिरवा-निळा पिसारा. पिसाऱ्यात वीस-पंचवीस डोळे, आणि त्यातल्या चार डोळ्यांत गाडीचे चार आकडे. नऊ दिवस बसून कापली. लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. मला दाखवायला आणली तेव्हा मी म्हणालो, धम्मपाल, चित्र फर्स्टक्लास आहे, पण नंबर कुठाय? तो हसला. म्हणाला, काका, तीच तर गंमत आहे.

मग ही नवी सरकारी नंबरप्लेट आली. गेल्या वर्षी सगळ्यांची धावपळ चालली होती बघ, तेव्हाची गोष्ट. तारीख सांगतो. गुरुवार, सत्तावीस नोव्हेंबर, दोन हजार पंचवीस. संध्याकाळी लखनशेठचा फोन आला, पाटी काढून घेऊन जा. साधं काम. धम्मपाल पान्हा-पेचकस घेऊन गेला, पाटी उतरवली. खालचा डावा कोपरा तुटलेला होता, स्क्रूच्या भोकातूनच. बंपर नवा कोरा. त्याने विचारलं, शेठ, हे कसं झालं? ते म्हणाले, पार्किंगमध्ये घासली. आणि म्हणाले, ही ठेवू नकोस, जाळून टाक.

आता जाळतो कोण? नऊ दिवसांची मेहनत. धम्मपालने पाटी दुकानात आणली, पुसली आणि काउंटरच्या मागे खिळ्याला लावली. घरी फोन केला, यायला उशीर होईल. सकाळी एका नवरदेवाच्या गाडीला नावं लावायची होती, ती कापायला बसला.

रात्रीचा पाऊण झाला. एक झाला. थंडी होती. शटर त्याने अर्ध्यावर आणून ठेवलं होतं, कमरेएवढं. आत यायचं तर माणसाला वाकावं लागतं. आणि त्या शटरला जरा हात लागला की ते खडखडतं, अख्ख्या फाट्याला ऐकू जातं. एवढं लक्षात ठेवा.

एक चाळीसला त्याने घड्याळ बघितलं, कारण कटरची पट्टी बदलायची होती. मान वर केली... तर काउंटरपलीकडे एक बाई उभी.

शटर वाजलं नव्हतं.

पन्नाशीची असेल. नऊवारी, डोक्यावर पदर. अंगाला झेंडूचा वास. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा हात मोकळा. त्या हाताची मूठ मिटलेली.

धम्मपालला वाटलं, फाट्यावर फुलांची गाडी थांबली असेल, त्यातली बाई काही विचारायला आली असेल. तो म्हणाला, "ताई, दुकान बंद झालंय. सकाळी या."

"सकाळी नाय जमत," ती म्हणाली. मग भिंतीकडे बघितलं. "मोर हितं हाय व्हय."

"विकायचा नाही तो."

"इकत नाय घ्यायचा. त्यातला नंबर वाचून दावा, भाऊ."

धम्मपाल म्हणाला, नंबर कशाला पाहिजे? ती त्या मोराकडेच बघत राहिली. त्याला तिची फार कीव आली, असं तो मला म्हणाला. भीती नाही. कीव.

"पोरावर केस हाय," ती म्हणाली. "समाधानवर. त्यानंच मोटारसायकल पाडली म्हणतात. दुसरी गाडी नव्हतीच म्हणतात. पोरगं जेवत नाय."

तिने गावाचं नाव सांगितलं. कळवण रस्त्यावरचं.

"मला आकडे येतात, भाऊ. वजनाचा काटा वाचते. फोन लावते. त्या दिवशी गाडी एवढी... एवढी जवळ होती. पण आकडाच दिसला नाय. मोर दिसला नुसता."

धम्मपालने पाटी खिळ्यावरून काढली. काउंटरवर ठेवली. पिसाऱ्यातला पहिला डोळा शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि आकडा वाचला. तिने तो आकडा तसाच म्हटला. हळू. लहान मूल पाढा म्हणतं तसा.

दुसरा डोळा. दुसरा आकडा. तिनेही म्हटला.

तेव्हा त्याचं लक्ष गेलं. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ येत होती. थंडीच तशी होती. तिच्या तोंडातून...

नव्हती येत.

तिसरा आकडा. तरी वाचला. तिनेही म्हटला.

चौथा त्याला सापडेना. स्वतः कापलेला आकडा. पाटी तिरकी केली, दिव्याखाली धरली. हे पीस, ते पीस. पलीकडे ती उभी. वाट बघत.

सापडला. वाचला.

यावेळी कुणी म्हटला नाही.

त्याने वर बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. शटर कमरेएवढं. तसंच.

काउंटरवर, ती उभी होती तिथे, नखाएवढा हिरवा तुकडा पडला होता.

...

पायल, खाली जायचं असेल तर जा. नाही? बरं.

सकाळी सहाला धम्मपाल इंदिरानगरला माझ्या दारात. दाढी वाढलेली, पिशवीत पाटी. सगळं सांगितलं. मी काय म्हणालो माहीत आहे? हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, तुझी झोप झालेली नाही. शेठ मोठा माणूस आहे, नादी लागू नकोस. त्यांनी सांगितलंय तशी पाटी जाळ आणि मोकळा हो.

पन्नास पावलांवरून नंबर वाचणारा मी. मीच म्हणालो, जाळ.

धम्मपालने पिशवी उघडली. पाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि खिशातून तो तुकडा काढून तुटक्या कोपऱ्याला लावला. चपखल बसला. अर्धं भोक पाटीत, अर्धं तुकड्यात, दोन्ही मिळून एक गोल.

तो म्हणाला, "काका, नंबर शेठने नाही लपवला. मी लपवलाय. लोक वाहवा करत होते आणि मी खूश होत होतो."

मला माझीच लाज वाटली. मी चप्पल घातली.

गाव सापडलं. समाधानचं घरही सापडलं, दारापुढे झेंडूचं रान, पण फुलं तोडलेलीच नाहीत, झाडावरच सुकलेली. पंचवीस-सव्वीसचा पोरगा ओट्यावर बसला होता. आमच्याकडे बघितलं पण या बसा म्हणाला नाही. धम्मपालने विचारलं, तुझी आई कुठाय? रात्री आमच्या दुकानात आली होती.

पोरगा उठला आणि घराच्या आत बोट केलं.

भिंतीवर तिचा फोटो होता. फोटोला हार. रंगूबाई नाव. धम्मपाल म्हणाला, काका, हीच.

अपघात झाला तो दिवस खंडेनवमीचा, जवळजवळ दोन महिन्यांपूर्वीचा. गाड्यांची पूजा असते, झेंडूला त्या दिवशी मागणी. पहाटे चारला मायलेक मोटारसायकलवर फुलांच्या गोण्या घेऊन नाशिकला निघाले. मागून मोठी गाडी आली, धडकली आणि गेली. समाधान शुद्धीत आला तो दवाखान्यात. त्याला काहीच आठवेना. आई दोन तास जिवंत होती, आणि दोन तास एकच म्हणत होती. मोर. मोरानं मारलं. मोर होता.

लोकांना वाटलं, बाई बरळते. धडकेची साक्ष देणारं कुणी नाही, नंबर नाही. तपासात लिहिलं गेलं, पोराला झोप लागली आणि गाडी घसरली. आईच्या मरणाची केस पोरावरच. बाप त्याच्याशी बोलत नव्हता. मामा दारात येत नव्हते. आणि हळूहळू त्या पोरालाही वाटायला लागलं होतं, की लागली असेल आपल्याला झोप. आपणच मारलं असेल आईला. आम्ही गेलो तेव्हा त्याचे डोळे बघितलेत मी. अजून चार दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

धम्मपाल पाटी घेऊन पोलिसांकडे गेला. मी बरोबर होतो. रात्रीचं तिथे काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की ही पाटी मी केली, ह्यात हा नंबर आहे, कोपरा कसा तुटला ते मालकाला विचारा. बंपर बदलणारा गॅरेजवाला सापडला. पुढचं सगळं बाहेर आलं. लखनशेठचा खटला चालू आहे. समाधानवरची केस रद्द झाली. ज्या दिवशी रद्द झाली त्या दिवशी बापाने त्याला जवळ घेतलं, ते सांगायला समाधाननेच मला फोन केला. सांगता सांगता रडत होता.

धम्मपालने रेडियम सोडलं. आता शाळांचे फलक रंगवतो, ठळक अक्षरात.

झालं. ...नाही, एक राहिलं. मघाशी मी मुद्दाम मागे ठेवलं.

पोलिसांकडे जायच्या आधी, त्या घरात, धम्मपालने तो हिरवा तुकडा समाधानच्या हातावर ठेवला होता. तेवढ्यात त्याची थोरली बहीण चहा घेऊन आली. साधना. सासरहून भावाला सांभाळायला येऊन राहिली होती. तिची नजर तुकड्यावर गेली. कपबश्या खाली ठेवल्या. तुकडा उचलून उजेडात धरला आणि त्या अर्ध्या भोकावरून बोट फिरवलं.

"हा तुम्हाला कुठं सापडला?" तिने विचारलं.

धम्मपाल म्हणाला, दुकानात. काल रात्री.

तिने तुकडा तळहातावर घेतला. मग म्हणाली, "दवाखान्यातून आईच्या वस्तूंची पुडी दिली होती. मंगळसूत्र, जोडवी आणि उजव्या हातातल्या फुटक्या बांगड्या. त्यांच्यात हा होता. मला वाटलं बांगडीचाच. मनात आलं होतं, बांगडीला भोक कसं... पण तेव्हा कोण बघतं. सवाष्ण बाई, हात मोकळा नको म्हणून सगळे तुकडे मी तिच्या उजव्या मुठीत ठेवले. मूठ मीच मिटली."

मी विचारलं, "मग?"

"मग काय, काका," ती म्हणाली. "मूठ तशीच सरणावर गेली."

मी तिच्या हातातून तो तुकडा घेतला. उलटसुलट करून बघितला. कुठे काळा पडला नव्हता. कडेला वितळला नव्हता. सनी, अॅक्रेलिक आहे ते, काडी लावली तरी पघळतं.

नुसता थोडा गरम होता.