न गेलेला मेल

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे. ताई शाळेत शिकवते आणि भुताखेताच्या गप्पांना तोंडावर हसते. हसायची, असं म्हणायला हवं.

रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. ताई घरी लॅपटॉपवर शाळेचा मेल बघत होती.

घरच्या इंटरनेटची एक खोड होती. कंपनीने मेल बाहेर जायचं दार, म्हणजे पोर्ट, बंद ठेवलं होतं. मेल यायचे, पण ताईची उत्तरं आउटबॉक्समध्ये अडकायची. शाळेच्या वायफायवर लॅपटॉप उघडला की मग सगळी आपोआप सुटायची.

"आपलं इंटरनेट म्हणजे जावई," भाऊजी म्हणायचे. "नुसतं घेतं, देत काही नाही."

तेवढ्यात मेल आला. शाळेच्या कॉम्प्युटर रूमच्या पत्त्यावरून. खाली नाव नव्हतं.

'बाई, दार बाहेरून बंद आहे. मी आत आहे.'

ताईच्या काळजात चर्र झालं. शुक्रवारी तिथलं कुलूप तिनेच लावलं होतं!

तिने वॉचमनकाकांना फोन केला. त्यांनी फोन कानाला लावूनच रूम उघडली.

"अहो बाई, इथे चिटपाखरू नाही. कॉम्प्युटरही सगळे बंद आहेत."

ते बोलत असतानाच...

दुसरा मेल आला.

'काकांनी दार उघडलं. पण मी त्यांना दिसत नाहीये.'

ताईने लगेच टाइप केलं, 'घाबरू नकोस बाळा. मी येते. तुला घेऊनच घरी जाईन.'

नाही गेलं. अडकलं.

'बाई, उत्तर द्या ना...'

ताईला राहवेना. लॅपटॉप बगलेत मारून ती तशीच शाळेत धावली.

रूम रिकामी होती. काकांनी टेबलांखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. कोणी नाही. फक्त एक खुर्ची मागे सरकलेली...

ते मेल काकांना दाखवायला ताईने लॅपटॉप उघडला. वायफाय लागलं. तिच्या लक्षात येईपर्यंत आउटबॉक्स रिकामा झाला होता.

'तुला घेऊनच घरी जाईन.'

लगेच उत्तर आलं.

'चला.'

सोमवारी शाळेतली सगळी मुलं हजर होती. एकही हरवलं नव्हतं. ताईच्या जिवात जीव आला. संध्याकाळी भाऊजी हसत म्हणाले, "बघू तुझं भूत." त्यांनी लॅपटॉप उघडला आणि त्यांचं हसू विरलं.

आउटबॉक्समध्ये एक मेल अडकला होता. ताईच्याच पत्त्यावर. घरात तो कोणीच लिहिला नव्हता.

'बाई, मी कुठे बसू?'

ताईने तो खोडला. दुसऱ्या दिवशी नवा होता. तेव्हापासून ती लॅपटॉप शाळेत नेत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होते. इंटरनेट कंपनीतून फोन आला. ताईने तो स्पीकरवर घेतला.

"मॅडम, तुमची जुनी तक्रार होती ना? पोर्ट उघडून देतो. अडकलेले मेल सगळे जातील."

ताई पांढरीफटक पडली.

"नको," ती म्हणाली. "बंदच राहू दे."

फोन ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो. लॅपटॉप पलीकडच्या खोलीत होता...

टाइप केल्याचा आवाज आला.

ताईनेच जाऊन पाहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'बाई, परत दार बंद केलंत?'

ताई खाली बसून रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसून लॅपटॉप मिटला.